बाडेन-व्युर्टेमबर्गच्या लहान गावात राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरं आहेत. 2024 मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यांत कुशल मनुष्यबळाचा करार झाला आणि इकडे यायची चौकशी आणखी वाढली. येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहर असतं. प्रत्यक्षात कारखाना किंवा रुग्णालय असतं एखाद्या तालुकावजा गावाजवळ, आणि परवडणारं घर मिळतं त्याहून लहान गावात. ही प्रश्नोत्तरं आठशे ते तीन हजार वस्तीच्या अशा गावांसाठी आहेत. कायदे राज्याचे किंवा देशाचे असले तरी बारीकसारीक नियम प्रत्येक गाव आपल्या 'झाट्सुंग'मध्ये, म्हणजे स्थानिक नियमावलीत, स्वतः ठरवतं. म्हणून खाली जिथे 'बहुतेक गावांत' असं लिहिलंय, तिथे आपल्या गावाची झाट्सुंग एकदा बघाच. ती गावाच्या संकेतस्थळावर असते.

गेमाइंडे म्हणजे आपली ग्रामपंचायतच ना?

ढोबळमानाने हो, पण अधिकार बरेच जास्त. बांधकामाचा आराखडा, बालवाडी, पाणी, स्मशानभूमी, अग्निशमन, जंगलाचा काही भाग, कुत्र्यावरचा कर हे सगळं गेमाइंडेच्या हातात. तुम्ही भरलेल्या आयकरातला वाटाही तिला मिळतो. देशभरातल्या आयकराचे 15 टक्के गेमाइंडेंकडे जातात आणि वाटप रहिवाशांनी भरलेल्या करावर अवलंबून असतं. तुमची मुख्य निवास-नोंद कुठे आहे याला गाव एवढं महत्त्व का देतं, ते यावरून कळेल.

1970 च्या दशकात या राज्याने गावांचं एकत्रीकरण केलं. 3,379 गेमाइंडे होत्या, त्यांच्या 1,111 झाल्या, आज 1,101 आहेत. त्यामुळे तुम्ही ज्याला 'आमचं गाव' म्हणता ते कागदावर बहुधा एखाद्या मोठ्या गेमाइंडेचा 'टाइलओर्ट', म्हणजे एक भाग, असतं. तिथे स्वतंत्र सरपंच नसतो, ओर्ट्सफोरश्टेअर, म्हणजे त्या भागाचा प्रमुख, असतो. त्याचं कार्यालय आठवड्यातून एक-दोनदा, दोन-तीन तास उघडतं. याउलट लोराख जिल्ह्यातलं ब्योलेन पाहा. शंभरेक माणसांची वस्ती, राज्यातली सर्वांत लहान गेमाइंडे, पण तिला स्वतःचा महापौर आहे आणि स्वतःची परिषदही.

ब्युर्गरमाइस्टर कोण निवडतं? आम्हाला मत आहे का?

ब्युर्गरमाइस्टरला, म्हणजे महापौराला, लोक थेट निवडतात, 8 वर्षांसाठी. जुनी मंडळी त्याला 'शुल्टेस' म्हणतात. दोन हजारांखालच्या गावात हे पद सहसा मानद असतं, म्हणजे तो माणूस दिवसा दुसरीच नोकरी करत असतो. परिषद 5 वर्षांची. हजारापर्यंत वस्तीला 8 सदस्य, दोन हजारांपर्यंत 10, तीन हजारांपर्यंत 12. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येक मतदाराकडे असतात. एकाच उमेदवाराला तीनपर्यंत मतं देता येतात आणि वेगवेगळ्या याद्यांतली नावं मिसळताही येतात. मतपत्रिका आधी घरी येते. लोक स्वयंपाकघरात बसून, पेन्सिलने बेरीज करत ती भरतात.

भारतीय पासपोर्टवर यात मत नाही. स्थानिक निवडणुकीत जर्मन आणि युरोपीय संघाचे नागरिक, तेही 16 वर्षांपासून, मत देतात. जून 2024 पासून नागरिकत्वासाठी साधारण 5 वर्षांचा वास्तव्यकाळ लागतो. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही, तेव्हा पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड घ्यावं लागेल. पण परिषदेच्या बैठका खुल्या असतात. बऱ्याच गावांत त्यात रहिवाशांच्या प्रश्नांसाठी वेळ राखलेला असतो, आणि तिथे तुमचा पासपोर्ट कोणी विचारत नाही. रस्त्यावरचा दिवा, बसथांबा, बालवाडीच्या वेळा हे प्रश्न तिथे मांडायचे.

कोणत्या कामासाठी राटहाउस (गावचं कार्यालय) आणि कोणत्या कामासाठी लांडराट्सआम्ट?

सगळ्यात जास्त हेलपाटे इथेच पडतात. राटहाउसमध्ये पत्त्याची नोंद, बालवाडीचा अर्ज, सभागृहाचं बुकिंग, कुत्र्याचा कर, जळाऊ लाकडाची मागणी. लांडराट्सआम्ट म्हणजे जिल्हा कार्यालय. वाहन नोंदणी, वाहन परवाना आणि कचऱ्याचं बिल तिकडे. लहान गावांचं व्हिसा-वास्तव्य परवान्याचं कामही बहुतेक तिथेच चालतं. राटहाउसमधल्या बाई कितीही मदत करणाऱ्या असल्या तरी व्हिसाच्या फाइलला त्यांना हात लावता येत नाही. तारीख हवी असेल तर ईमेल लिहा, विषयात फाइल क्रमांक घाला. फोन बहुधा उचलला जात नाही.

पत्त्याची नोंद कशी करायची?

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा आणि मुलांचा जन्मदाखला, आणि 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे घरमालकाची सही असलेला एक पानी कागद. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. लोक करार घेऊन जातात आणि परत पाठवले जातात.

अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत तर आयकराच्या 8 टक्के इतका चर्च-कर पगारातून कापला जातो. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम यांना तो लागत नाही. वसईच्या कॅथलिक कुटुंबांनी मात्र हे आधी माहीत करून घ्यावं, कारण भारतातला बाप्तिस्माही धरला जातो. नोंद झाल्यावर कर-ओळख क्रमांक टपालाने येतो. टपालपेटीवर आडनाव चिकटवलेलं नसेल तर पत्र परत जातं. त्यामुळे पहिलं काम नोंदणीचं नाही, आडनावाची चिठ्ठी चिकटवण्याचं.

गावात काय चाललंय ते कुठे कळतं?

'मिटाइलुंग्सब्लाट' नावाचं साप्ताहिक पत्रक. फेसबुकवर शोधू नका, निम्मं गाव तिथे नसतं. परिषदेचे निर्णय, कचऱ्याच्या तारखा, रात्रपाळीची औषधदुकानं, चर्चच्या वेळा, संगीत मंडळाची तालीम, 70 वर्षांपासून दर पाच वर्षांनी येणारे वाढदिवस, पाणी बंद राहणार असल्याची सूचना, सगळं त्यात. घर भाड्याने देण्याच्या जाहिराती बऱ्याचदा फक्त तिथेच येतात, कारण मालकाला गावातला किंवा गावाने ओळखलेला भाडेकरू हवा असतो. वर्गणी भरून घ्याच, भाषाही त्याने सुधारते.

शेजाऱ्यांशी ओळख कशी करायची? ते येतात का भेटायला?

येत नाहीत. नवीन माणसाने जायचं असतं. पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, बेल वाजवून नाव सांगायचं, कोणत्या मजल्यावर राहतो ते सांगायचं, दोन मिनिटांत परतायचं. चिवडा-लाडू नेले तर उत्तमच, पण शेंगदाणे, काजू आहेत हे सांगून द्या. रस्त्यात दिसेल त्याला 'ग्र्युस गोट' म्हणायचं, अनोळखी असला तरी. वडीलधाऱ्यांना 'झी' (तुम्ही), जोवर ते स्वतः 'डू' (तू) म्हणायला सांगत नाहीत. मंडळात मात्र पहिल्या दिवसापासून सगळे 'डू'.

फेराइनमध्ये (गावच्या मंडळात) जायलाच हवं का?

सक्ती कोणाची नाही, पण गाव चालतं ते याच मंडळांवर. व्यायाम मंडळ, पितळी वाद्यांचं संगीत मंडळ, नेमबाजी, बागकाम, ग्रामीण महिलांचं 'लांडफ्राउएन'. सात माणसं जमली की मंडळ नोंदवता येतं, त्यामुळे हजार वस्तीच्या गावातही पंधरा-वीस मंडळं निघतात. मुलांसाठी सगळ्यात सोपी वाट व्यायाम मंडळाच्या 'किंडरटुर्नेन'ची, म्हणजे मुलांच्या व्यायामवर्गाची. संगीत मंडळं मुलांना वाद्य बहुधा अल्प भाड्याने देतात आणि शिकवणीही स्वस्तात होते. शहरात यासाठी भरपूर पैसे मोजावे लागतात.

नवीन माणसाची चूक ठरलेली असते: वर्गणी भरतो आणि उत्सवाच्या दिवशी पाहुण्यासारखा येतो. उत्सवाआधी दोन-तीन आठवडे कामाची यादी फिरते. बिअरचा काउंटर, भांडी धुणं, तंबू उभारणं, केक. दोन तासांची एक पाळी घ्या. भाषा कच्ची असेल तर भांडी धुण्याची घ्या. तिथे बोलावं कमी लागतं आणि ओळखी जास्त होतात. केक देणार असाल तर उन्हाळ्यात क्रीमचा नको, डब्यावर नाव आणि घटक लिहा. रव्याचा केक नेहमी संपतो.

सोडायचं असेल तर लेखी कळवावं लागतं. बहुतेक मंडळांत वर्षाअखेरीसाठी सप्टेंबर किंवा नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, नंतर पुढच्या वर्षाची वर्गणी द्यावीच लागते.

अग्निशामक दल खरंच स्वयंसेवकांचं असतं?

हो. प्रत्येक गेमाइंडेने दल ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि लहान गावात ते पूर्णपणे स्वयंसेवी असतं. राज्याचा मापदंड असा की सूचना मिळाल्यापासून 10 मिनिटांत 9 जणांची पहिली तुकडी पोचावी. दिवसा अर्धं गाव नोकरीसाठी बाहेर असतं, मग नऊ माणसं आणायची कुठून, ही जवळजवळ प्रत्येक दलाची अडचण. म्हणून गावातच किंवा घरून काम करणाऱ्यांना ते आनंदाने घेतात. जर्मन नागरिक असण्याची अट नाही, पण वायरलेसवरचं बोलणं कळेल एवढी भाषा हवी. पहिलं प्रशिक्षण साधारण 70 तासांचं, पुढचं दोन वर्षं गावातल्या सरावांतून. कामाच्या वेळेत आग लागली तर मालकाला सोडावंच लागतं, त्या वेळेचा पगार गेमाइंडे भरून देते.

आग आणि अपघातासाठी 112, पोलिसांसाठी 110. रात्री ताप चढला, दवाखाना बंद आहे, पण जीवावरचं काही नाही, तर 116117.

कचऱ्याचं एवढं काय?

चार प्रकार: उरलेला, जैविक, कागद आणि पिवळ्या पिशवीतलं वेष्टन. तारखा जिल्हा ठरवतो. डबा आदल्या संध्याकाळी रस्त्याकडेला, मूठ रस्त्याच्या बाजूला. बऱ्याच जिल्ह्यांत उरलेल्या कचऱ्याचा डबा किती वेळा रिकामा झाला हे चिपवर मोजलं जातं आणि त्यावर बिल येतं, म्हणून अर्धा भरलेला बाहेर ठेवू नका. जैविक डब्यात 'कंपोस्ट होणारी' प्लास्टिक पिशवीही बहुतेक जिल्ह्यांना चालत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळा. तेल कुठल्याच डब्यात किंवा मोरीत नको, ते झाकणाच्या बाटलीत भरून संकलन केंद्रावर द्यायचं. झाडांच्या फांद्या 'हेक्सेलप्लाट्झ'वर, म्हणजे फांद्या बारीक करण्याच्या जागेवर नेतात.

रविवारी काय करायचं नाही?

गवत कापायचं नाही, रोबोनेही नाही. निवासी भागात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पूर्ण बंदी, इतर दिवशी रात्री 8 ते सकाळी 7 बंदी. पाला उडवण्याच्या यंत्राला तर कामाच्या दिवशीही फक्त 9 ते 1 आणि 3 ते 5. ड्रिल नको, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत. मिक्सरवर चटणी चालते, पण रात्री दहानंतर इमारतीत तोही नको. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रविवारी चालला तर तक्रार करू नका. पाऊस येणार असेल तर कापणी थांबत नाही आणि ती त्याला करता येते.

बर्फ कोणी काढायचा?

घरासमोरचा पदपथ त्या घरातल्याने, आणि पदपथ नसेल तर रस्त्याच्या कडेची पट्टी. बहुतेक गावांत कामाच्या दिवशी सकाळी 7 पर्यंत, सुट्टीला 8 किंवा 9 पर्यंत. रात्री 8-9 पर्यंत पुन्हा पडला तर पुन्हा काढायचा. भाडेकरारात ही जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असू शकते, नीट वाचा. कोणी घसरून पडलं तर भरपाईचा दावा तुमच्यावर येतो, म्हणून 'हाफ्टफ्लिष्ट', म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा काढून ठेवा. मीठ बहुतेक ठिकाणी बंद किंवा फक्त पायऱ्यांवर चालतं. खडी-वाळू वापरा, एक पोतं नोव्हेंबरमध्येच आणा. पहिल्या बर्फाच्या दिवशी दुकानात मिळत नाही. भारताला सुट्टीवर जाताना कोणाला तरी सांगून जा.

केअरवोखे म्हणजे?

जिना, तळघराची वाट, कधी कधी समोरचा पदपथ झाडण्याची आठवड्याची पाळी. दारावर पाटी लटकली की पाळी तुमची. शनिवारी झाडा, पुसा, पाटी शेजाऱ्याच्या दारावर. स्वच्छ असलं तरी झाडायचं.

लाकडाची शेगडी आहे. लाकूड कुठून आणायचं?

याचं उत्तर लांबणार, कारण चुका महाग पडतात. आधी चिमणीवाला. शेगडी नवीन बसवली असेल तर 'शोर्नश्टाइनफेगर'ने तपासून मान्य करेपर्यंत पेटवायची नाही. जुनी असेल तर चिमणीवाल्याचं आदेशपत्र मालकाकडून मागा, त्यात वर्षातून किती वेळा चिमणी साफ करायची ते लिहिलेलं असतं.

लाकूड गावाच्या जंगलातून मिळतं. मागणी शरद ऋतूत, पत्रकात जाहिरात आली की लगेच नोंदवायची. दोन पर्याय असतात. एक, रस्त्याकडेला रचलेले लांब ओंडके, 'पोल्टर'. दुसरा, 'फ्लेखेनलोस': तोड झालेल्या तुकड्यावर राहिलेल्या फांद्या स्वतः कापून न्यायच्या. हा स्वस्त, कष्टाचा आणि उतार असेल तर धोक्याचा. दोन्हींसाठी करवत चालवण्याचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम केल्याचा दाखला लागतो. करवतरोधक विजार, जाळी आणि कानझाकण असलेलं शिरस्त्राण, पोलादी टोकाचे बूट हे सगळं घातलेलं हवं. साखळीला जैव-विघटनशील तेल, टाकीत विशेष इंधन. एकट्याने जायचं नाही. तुकडा सहसा एप्रिलअखेर मोकळा करून द्यायचा असतो.

मापात फसू नका. फेस्टमीटर म्हणजे निव्वळ लाकडाचा घनमीटर. श्टेअर म्हणजे रचलेला घनमीटर, मधल्या हवेसकट. एक फेस्टमीटर म्हणजे साधारण 1.4 श्टेअर. भाव विचारताना कोणत्या मापाचा ते विचाराच. बीच झाडाच्या ओल्या लाकडाचं एक श्टेअर 700 किलोच्या आसपास भरतं. 750 किलोच्या लहान ट्रेलरचं स्वतःचं वजनच दीडशे किलो, म्हणजे एक श्टेअरही एका फेरीत बसत नाही. पोलीस काटा करतात.

आणलं की लगेच फाडा. ओंडका तसाच ठेवला तर साल ओलावा धरून ठेवते आणि बीच आतून कुजायला लागतं. दक्षिण किंवा पश्चिमेच्या उन्हात, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, खाली दोन आडव्या वाशांवर रचा. झाकण फक्त वरून, बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की बुरशी आलीच. बीचला दोन उन्हाळे लागतात. कायद्याने कोरड्या वजनाच्या 25 टक्क्यांपेक्षा कमी ओलावा हवा. मीटर बाहेरच्या पृष्ठभागावर टेकवू नका, तुकडा मधून फाडून ताज्या भागावर टेकवा. ओलं लाकूड जाळलं की काच काळी पडते, चिमणीत डांबर साचतं आणि मग एक दिवस चिमणीच पेटते. तसं झालं तर पाणी ओतायचं नाही, 112 लावायचा. आत पाण्याची वाफ होऊन चिमणी फुटते.

झाडाखाली सफरचंदं कुजत पडलीत. घेतली तर चालतील?

विचारल्याशिवाय नाही. झाड कोणाचं तरी असतंच, कुंपण नसलं तरी. या राज्यात कुरणांत विखुरलेली सुमारे 70 लाख फळझाडं आहेत आणि मालक म्हातारे झाल्याने बरीच तशीच सोडलेली. म्हणून काही जिल्ह्यांत खोडाला पिवळी फीत बांधतात. पिवळी फीत म्हणजे कोणीही घरापुरतं घ्यावं. फांद्या मोडायच्या नाहीत, आणि गवत वाढलेलं असेल तर कापणी होईपर्यंत कुरणात शिरायचं नाही. ते गवत गुरांचा चारा आहे.

मालकाला विचारलं तर तो बहुधा झाडं देऊनच टाकतो, बदल्यात खालची साफसफाई. मग रस काढायला 'मोस्टेराय'कडे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आधी वेळ ठरवून जावं लागतं. किमान वजनाची अट असते, त्याच्याखाली तुमचा रस वेगळा काढून देत नाहीत. 100 किलोंतून 60 ते 70 लिटर रस निघतो, म्हणजे 10 लिटरच्या पिशवीला साधारण 15 किलो फळ. 80 अंशांच्या आसपास तापवून पिशवीत भरतात. न उघडता वर्षभर टिकतो, नळ फोडल्यावर दोन-तीन महिने. कुजलेली फळं वेचून टाका, एका पोत्यातली पाच-सहा सडकी सगळ्या रसाला मातकट वास देतात. मार लागलेलं चालतं, सडलेलं नाही. झाडावरून हलवून पाडलेलं फळ दोन-चार दिवसांत न्या. पोती प्लास्टिकची नकोत, आत घाम धरतो. आणि हातमोजे घाला, पडलेल्या फळात गांधीलमाश्या असतात.

गावचं बाकहाउस (पाव भाजायची सामाईक भट्टी) आम्हाला वापरता येतं का?

येतं, राटहाउसमध्ये किंवा ठरलेल्या बाईंकडे दिवस मागायचा. पहिली भट्टी कोणाची यावरून जुने वाद असतात, कारण थंड भट्टी तापवायला लाकूड जास्त लागतं. म्हणून क्रम बऱ्याच ठिकाणी चिठ्ठ्या टाकून ठरतो. नवीन माणसाने दुसरी-तिसरी पाळी मागावी.

वाळलेल्या काटक्यांच्या मोळ्या आत पेटवतात, दीड-दोन तास. घुमटाच्या विटा आधी काजळीने काळ्या होतात. ती काजळी जळून विटा पुन्हा फिकट दिसू लागल्या की भट्टी तापली. निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा, दार लावून पंधरा-वीस मिनिटं उष्णता सारखी होऊ द्यायची. मग चिमूटभर पीठ आत फेका. लगेच काळं झालं तर थांबा, हळूहळू तपकिरी झालं तर ठीक. आधी पातळ 'डिनेटे', ज्यावर आंबट मलई आणि कांदा असतो, ती काही मिनिटांत होते. मग किलोभराच्या पावांना तासभर. शेवटी गोड यीस्टचा केक. नंतर उरलेल्या धगीत भरताची वांगी फार सुरेख भाजतात. फक्त आधी टोचे मारा, नाहीतर फुटून पुढच्याची भट्टी खराब होईल. राख स्वतः काढून जायची.

शाकाहारी माणसाने काय खावं, कशाबद्दल विचारावं?

केसश्पेत्झले (चीज घातलेल्या अंड्याच्या शेवया) बिनधोक, अंडं चालत असेल तर. मसुरीची उसळ-श्पेत्झले मागताना सॉसेजशिवाय सांगा आणि डाळीत मांसाचे तुकडे आहेत का विचारा, बहुतेकदा असतात. कांद्याच्या केकमध्ये 'श्पेक', म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस असतं. माउल्टाशनमध्ये (सारण भरून उकडलेल्या पिठाच्या पुड्या) मांस, भाजीचे वेगळे मागावे लागतात. राज्याच्या श्वाबेन भागातल्या ब्रेत्झेलच्या (गाठीच्या आकाराच्या पावाच्या) पिठात काही बेकऱ्या अजून डुकराची चरबी घालतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. विचारलं की खरं सांगतात.

द्राक्षाच्या पट्ट्यात दारावर झाडू टांगलेला दिसला तर ती 'बेझनवर्टशाफ्ट': द्राक्षबागायतदाराच्या घरातली हंगामी खानावळ, वर्षात जास्तीत जास्त चार महिने आणि 40 आसनं. टेबल वाटून बसायचं असतं, जागा दिसली की विचारून बसा.

दूध शेतावरच्या यंत्रातून मिळतं, स्वतःची बाटली न्या. ते कच्चं असतं आणि 'उकळून घ्या' असं तिथे लिहिलेलं असतं. मराठी घरात हे सांगावं लागणार नाही. साय जाड येते, तूप छान निघतं.

फासनेटमध्ये मुखवटेवाले अंगावर येतात, काय करायचं?

हसायचं. लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाआधीचा हा उत्सव 2014 पासून देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. सहा जानेवारीला पोशाख बाहेर निघतात, 'श्मोट्सिगे' गुरुवारी राटहाउसचा ताबा घेतला जातो, किल्ली काढून घेतात, शाळेतून मुलं सोडवतात. मिरवणुकीच्या पहिल्या रांगेत उभं राहिलात तर डोक्यावर कागदाचे कपटे पडणार, बुटाची नाडी सुटणार. लहान मुलं घाबरत असतील तर मागे उभे राहा. लाकडी मुखवट्याला हात लावू नका, तो पिढ्यान्‌पिढ्या घरात असतो. 'नारी' अशी हाक आली की 'नारो'. प्रत्येक गावाची आरोळी वेगळी असू शकते, शेजाऱ्याचं ऐकून म्हणा.

30 एप्रिलच्या रात्री कचऱ्याचे डबे, पायपुसणी, कुंड्या आत घ्या. पोरं त्या उचलून गावच्या चौकात मांडून ठेवतात. पोलिसांत जाण्यासारखं ते प्रकरण नाही, सकाळी जाऊन घेऊन यायचं.

दिवाळीत फटाके? गणपतीचं विसर्जन?

मोठे फटाके फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला. दिवाळीला हवे असतील तर गेमाइंडेची खास परवानगी लागते आणि जुन्या लाकडी घरांच्या गावात ती मिळणं अवघड. फुलबाज्यांसारखे पहिल्या वर्गातले प्रकार वर्षभर चालतात, वय 12 पासून. त्यांचा साठा जानेवारीतच करून ठेवा. आकाशकंदील टांगायला हरकत नाही, उडवायचे कंदील मात्र बंद आहेत.

मूर्ती शाडूची आणा आणि घरी बादलीत विसर्जन करा. नदी-तळ्यात काहीही सोडायला जिल्ह्याच्या जल-विभागाची परवानगी लागते, निर्माल्यसुद्धा जैविक डब्यात.

सार्वजनिक गणपतीसाठी गावचं सभागृह मिळेल का?

मिळेल, पण लवकर विचारा. शरद ऋतूत सगळी मंडळं बसून पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ठरवतात, त्या बैठकीआधी तारीख द्यायची. गणपतीची तारीख दरवर्षी बदलते हे समजावून सांगा, नाहीतर यंदाचीच तारीख पुढच्या वर्षाला लिहितील. गावातल्या नोंदणीकृत मंडळाला भाडं कमी पडतं. अनामत वेगळी.

धूर हा खरा प्रश्न. धूप, कापूर, होम यांनी धूरशोधक वाजतो, तो थेट अग्निशामक दलाला जोडलेला असतो आणि फुकटच्या फेरीचं काहीशे युरोंचं बिल आयोजकाला येतं. आधी 'हाउसमाइस्टर'ला, म्हणजे सभागृहाची देखभाल करणाऱ्याला विचारा. आरतीचा कापूर बाहेर अंगणात लावणं सगळ्यात सुरक्षित. शोधकावर पिशवी बांधायचा शहाणपणा करू नका, विम्याचा दावा त्याने फेटाळला जातो. तळण फक्त स्वयंपाकघरात, पंखा लावून. भांडी मोजून मिळतात आणि मोजून परत करायची असतात. रात्री दहानंतर खिडक्या बंद. सर्वांना खुला कार्यक्रम असेल तर वाजवलेल्या संगीताची नोंद गेमा या संगीतहक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे करावी लागते. खाणंपिणं विकणार असाल तर राटहाउसलाही आधी कळवायचं. झाडून, पुसून, टेबलं रचून दिली की अनामत परत मिळते. टेबलांच्या रचनेचा फोटो भिंतीवर लावलेला असतो, तशीच रचायची.

गाडीशिवाय निभेल का?

अवघड. वेळापत्रकात ज्या फेरीवर शाळेची खूण असते ती सुट्टीत येत नाही, आणि सुट्ट्या वर्षात बारा-तेरा आठवडे असतात. संध्याकाळी 'रूफबुस' असते, ती तासभर आधी फोन किंवा अॅपवर बोलवावी लागते. थांब्यावर नुसतं उभं राहून ती येत नाही. देशभर चालणारं मासिक तिकीट 2026 पासून 63 युरो.

भारतीय परवाना राहायला आल्यापासून 6 महिने चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. सक्तीचे तास नसतात, पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच द्यावी लागते. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत नाही. अर्ज तिसऱ्या महिन्यात करा. प्रक्रियेत काही महिने सहज जातात आणि मुदत संपल्यावर चालवणं हा गुन्हा आहे.

मुलांची बालवाडी आणि शाळा?

पहिल्या वाढदिवसापासून जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागा कमीच असतात. नोंदणी झाली त्याच दिवशी बालवाडीचा अर्ज द्या. या राज्यात ती फुकट नाही, शुल्क गाव ठरवतं आणि भावंडं असली की कमी होतं. 30 जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल त्या सप्टेंबरला शाळेत जातं. प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, मुलं चालत जातात, एकटी. गाडीने फाटकापर्यंत सोडणाऱ्या पालकांना शाळेचं पत्र येतं.

गाव सोडताना काय करायचं?

जर्मनीतच दुसरीकडे जात असाल तर फक्त नव्या गावात नोंद करायची, जुनी आपोआप निघते. भारतात कायमचं परतत असाल तर नोंद रद्द करावी लागते, निघण्याच्या एक आठवडा आधीपासून ते नंतर दोन आठवड्यांपर्यंत. तो दाखला जपून ठेवा. विमा, बँक आणि पेन्शनच्या परताव्याला तोच लागतो. कचऱ्याचा डबा लांडराट्सआम्टला कळवून बंद करा, नाहीतर बिल चालूच राहतं. मंडळांना लेखी कळवा, संगीत मंडळाचं वाद्य परत करा, सभागृहाची किल्ली दिली असेल तर पावती घ्या. लाकूड उरलं असेल तर पत्रकात जाहिरात द्या. वाळलेलं बीच असेल तर त्याच आठवड्यात जातं.